गावात माणसं कमी का होतायत? लोकसंख्या, कोकण आणि बाकी महाराष्ट्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला, राहायला डोंबिवलीत. लोकसंख्येवर कुठे बोलणं निघालं की लोक तेच तेच प्रश्न विचारतात, काही चिडून काही काळजीने, म्हणून एकदा सगळं एका ठिकाणी लिहून काढलंय. उदाहरणं मुद्दाम कोकणातली जास्त घेतलीत, कारण जे उरलेल्या महाराष्ट्रात आता सुरू होतंय ते आमच्याकडे दोन पिढ्यांपूर्वीच सुरू झालं आणि त्याचा शेवट कुठे जातो हे आमच्या वाडीत उभं राहून बघता येतं.

कोकणात लोकसंख्या खरंच कमी झाली का? सगळीकडे तर वाढतेच आहे ना?

खरंच कमी झाली. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाख ९६ हजार ७७७ माणसं होती, २०११ ला १६ लाख १५ हजार ६९. म्हणजे दहा वर्षांत ८१ हजारांहून जास्त माणसं कमी, उणे ४.८ टक्के. सिंधुदुर्गात ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजार. दोन्ही मिळून एक लाखाची घट आणि तीही अशा दहा वर्षांत जेव्हा सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढून ११ कोटी २४ लाखांवर गेली होती. हे आकडे पहिल्यांदा बघितले तेव्हा मला धक्का वगैरे बसला नाही, कारण आमच्या वाडीतली कुलपं मी लहानपणापासून मोजत आलोय, पण सरकारी कागदावर ते छापून आलेलं बघून पोटात कालवलं एवढं खरं.

एक गोष्ट लक्षात घ्या, हा काही दुष्काळी भाग नाही, रोगराई आलेली नाही, दंगल झालेली नाही. सिंधुदुर्गाची साक्षरता तेव्हा ८५ टक्क्यांच्या वर होती. कोकण रेल्वे जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, लोकांना वाटलं होतं आता गाव बसेल, आणि त्याच्या लगेच पुढच्या दहा वर्षांत माणसं कमी झाली. रेल्वेने गावाला येणं सोपं झालं तसं गाव सोडणंही सोपं झालं.

मुंबईची पण लोकसंख्या कमी झाली म्हणतात, हे कसं शक्य आहे?

मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा भाग, त्याची कमी झाली. ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजार, साडेसात टक्के घट. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, जागेचे भाव परवडेनात, आणि लालबाग-परळमधली माणसं डोंबिवली, बदलापूर, विरार अशी सरकत गेली. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा एकत्र ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढून १ कोटी १० लाखांवर गेला, देशातला सगळ्यात मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा झाला आणि २०१४ ला त्यातून पालघर वेगळा काढावा लागला. आमच्या घरातच बघा, आजोबा लालबागला, बाबा कळव्याला आणि मी डोंबिवलीला. गाव एकच, मुंबईतला पत्ता मात्र दर पिढीला लांब.

लोक गेले कशासाठी? कोकणात पाऊस आहे, आंबा आहे, समुद्र आहे.

पाऊस आहे पण तो चार महिने, आणि शेत म्हणजे डोंगराच्या उतारावरचे तुकडे. भात एकदाच होतो, तो घरी खायला कसाबसा पुरायचा. मुंबईत १८५० च्या दशकात कापड गिरण्या सुरू झाल्या आणि कोकणातला तरुण पुरुष बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरायला लागला. गिरणगावात एकेका गावाच्या खोल्या होत्या, एका खोलीत पाळीपाळीने वीस-पंचवीस जण झोपायचे, पहिल्या पाळीवाला उठला की त्याच्या वळकटीच्या जागी तिसऱ्या पाळीवाला आडवा. जेवण खानावळीत, ती चालवणारी बाई बहुतेकदा आपल्याच मुलखातली. बायको, मुलं, म्हातारे आईवडील गावी आणि महिन्याला मनीऑर्डर. कोकणाची अर्थव्यवस्थाच मनीऑर्डरची म्हटली जायची ती यामुळे.

म्हणजे सुरुवातीला फक्त पुरुष जायचा आणि तो म्हातारपणी परत यायचा, गाव चालू राहायचं. मग १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो संप असा काही मोडला की बऱ्याच गिरण्या नंतर कायमच्या बंद झाल्या. काहीजण गावी परतले पण त्यांची पोरं नाही परतली, ती सिक्युरिटी, कुरिअर, बँकेत शिपाई, नंतर कॉलसेंटर, आयटी अशी शहरातच मिळेल तिथे लागली. आणि या वेळेला त्यांनी बायकोला सोबत नेलं, मुलांना शहरातल्या शाळेत घातलं. माझ्या मते खरा बदल हा आहे. पुरुष एकटा गेला तर गावात पैसे येतात, कुटुंब गेलं की पैसे यायचेही थांबतात, उरतं ते गणपतीला रंगवलेलं घर.

रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत, म्हणजे कोकणात मुलींचं जास्त स्वागत होतं का?

हा आकडा दाखवून कोकणाचं कौतुक करणारे लेख मी वाचलेत, पण तो आकडा वेगळंच सांगतो. २०११ ला महाराष्ट्राचं प्रमाण हजार पुरुषांमागे ९२९ बायका होतं आणि रत्नागिरीचं ११२२, सिंधुदुर्गाचं १०३६. याचा अर्थ जन्माला मुली जास्त आल्या असा नाही, कामाच्या वयाचे पुरुष जिल्ह्यात नव्हते एवढाच आहे. जनगणनावाले घरी आले तेव्हा बाबा मुंबईत होते, आई आणि आजी घरात होत्या. शिवाय म्हातारपणी बायका जास्त जगतात, त्यामुळे गावात एकट्या राहणाऱ्या आज्या जास्त.

मुलींचं काय होतंय हे बघायचं तर शून्य ते सहा वयाचं प्रमाण बघायचं. तिथे महाराष्ट्र २००१ ला ९१३ वर होता तो २०११ ला ८९४ वर घसरला. बीड जिल्हा ८९४ वरून थेट ८०७ वर. हजार मुलगे आणि ८०७ मुली, सहा वर्षांच्या आतल्या. हे निसर्गाने होत नाही, सोनोग्राफी करून होतं. वाईट याचं वाटतं की गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्रानेच केला होता, १९८८ ला, केंद्राचा कायदा १९९४ ला आला. कायदा आधी आणि घसरण तरीही.

लोकसंख्येचा स्फोट होतोय ना आपल्याकडे? मग मुलं कमी होतायत हे कुठून काढलं?

स्फोट हा शब्द आपण शाळेत निबंधात लिहिलेला, तो डोक्यातून जात नाही. आता आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा प्रजनन दर १.७ आला, देशाचा २.०. याचा अर्थ एका बाईला आयुष्यभरात सरासरी १.७ मुलं. लोकसंख्या आहे तेवढी टिकायची असेल तर हा दर साधारण २.१ लागतो. गोव्याचा १.३ आहे, बिहारचा ३.०.

हिशोब करून बघा, शंभर बायकांना १७० मुलं, त्यातल्या मुली साधारण ८२-८३, त्यातल्या एखाद-दोन आई होण्याच्या वयाआधीच जातात असं दुर्दैवाने धरलं तर राहिल्या ८१. म्हणजे पहिल्या पिढीत आया शंभर होत्या, दुसऱ्या पिढीत ८१, तिसऱ्या पिढीत ६५ च्या आसपास. दर पिढीला जवळपास पाचवा हिस्सा कमी, तेही कोणी गाव सोडून न जाता. कोकणात हे आणि वरून स्थलांतर, दोन्ही एकदम झालं.

मग लोकसंख्या अजून वाढतेय ती कशी?

कारण ज्या काळात घरटी चार-पाच मुलं होती त्या काळातली मुलं, आणि त्यांची मुलं, आज तिशी-चाळिशीत आहेत. आया संख्येनेच जास्त आहेत म्हणून प्रत्येकीला कमी मुलं झाली तरी एकूण बाळं बरीच होतात, आणि दुसऱ्या बाजूला माणसं पूर्वीपेक्षा जास्त जगतात. धावती एसटी ब्रेक लावल्यावरही थोडी पुढे जाते तसं. भारताने २०२३ च्या एप्रिलमध्ये चीनला मागे टाकलं असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता ते या वेगामुळे, आज जन्मणाऱ्या मुलांमुळे नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळा बंद पडतायत त्या इंग्लिश मीडियममुळेच ना?

इंग्लिश मीडियममुळे पण पडतायत, पण फक्त तेच कारण धरून भांडत बसलो तर मोठी गोष्ट नजरेतून सुटते. राज्यात २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा १५ हजारांच्या घरात आहेत. आमच्या गावच्या शाळेत मी चौथीत होतो तेव्हा चार वर्ग मिळून साठच्या वर पोरं होती, परवा गेलो होतो तर सात. सात पोरं, दोन शिक्षक आणि पोषण आहार शिजवणाऱ्या एक काकी. पाच किलोमीटरवर इंग्लिश शाळेची पिवळी गाडी येते, तिच्यात वाडीतली तीन पोरं जातात. ती तीन परत आणली तरी दहाच होणार.

सरकारने यावर २०२३ मध्ये समूह शाळेची कल्पना काढली, म्हणजे आजूबाजूच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी. कागदावर ते बरोबर वाटतं, २०१८-१९ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीतही लिहिलं होतं की मुलांची संख्या कमी होत जाणार म्हणून शाळा एकत्र कराव्या लागतील. पण कोकणात पावसाळ्यात पाच किलोमीटर म्हणजे दोन पऱ्हे, म्हणजे ओढे, आणि एक घाटी. सहा वर्षांचं पोर रोज कसं जाणार? गाडी कोण देणार आणि ती खरोखर येणार का? आणि शाळा गेली की वाडीत राहायचं म्हणणारं जे एखादं तरुण जोडपं उरलंय तेही निघतं. शाळा बंद झाल्यावर गाव रिकामं व्हायचा वेग वाढतो हे मी तीन वाड्यांत बघितलंय. मला विचाराल तर जिथे शाळा जोडायची तिथे आधी गाडी सुरू करा, दोन वर्षं नीट चालवून दाखवा, आणि मगच कुलूप लावा.

मुलांची लग्नं का होत नाहीयेत? मुलींच्या अपेक्षा वाढल्यात म्हणून?

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू मुलांनी नवरदेवाचा वेश करून, काहींनी घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला होता, ते फोटो सगळ्यांनी बघितले, बरेच जण हसले. मला ते हसण्यासारखं नाही वाटलं. आज तिशी-पस्तिशीत असलेली मुलं ज्या काळात जन्मली त्याच काळात गावोगावी सोनोग्राफी मशीन पोचलं. ज्या मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत त्या आज वधू म्हणून कुठून येणार?

त्यात मुली शिकल्या, हे तर चांगलंच झालं, आणि शिकलेली मुलगी विचारते की मुलाला पगार आहे का, गावात संडास-पाणी आहे का, शेतीत राबायला लागणार का. यात अपेक्षा जास्त काय आहेत? तिच्या आईने जे सोसलं ते तिला नकोय एवढंच. कोकणात तर गमतीचं दुखणं आहे, आकड्यात बायका जास्त आणि गावात राहणाऱ्या मुलाला मुलगी नाही, कारण त्या जास्तीच्या बायका साठीच्या पुढच्या आहेत आणि विशीतल्या मुली मुंबई-पुण्यात.

आणि एकाच राज्यात उलटं टोकही आहे. मराठवाड्यात ऊसतोडीला जोडपं लागतं, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादम त्या हिशोबाने उचल देतो. एकटा गडी अर्धा कोयता. त्यामुळे हंगामाच्या आधी घाईने लग्नं लागतात, पोरी सोळा-सतराच्या. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. एकीकडे पस्तिशीचा मुलगा बिनलग्नाचा, दुसरीकडे सोळाची पोर फडात. दोन्ही प्रश्न लोकसंख्येचेच, आणि दोन्हीच्या मुळाशी बाईकडे बघायची नजर.

म्हातारी माणसं वाढली तर बिघडलं काय? जास्त जगतायत हे चांगलंच की.

जास्त जगतायत हे चांगलंच आहे, प्रश्न त्यांच्याकडे कोण बघणार याचा आहे. २०११ ला महाराष्ट्रात साठीच्या पुढचे साधारण १० टक्के होते, देशात साडेआठ टक्क्यांच्या आसपास. सरकारी अंदाजाप्रमाणे २०३६ पर्यंत देशातच हे १५ टक्के होणार, महाराष्ट्रात त्याहून जास्त धरायला हरकत नाही कारण आपल्याकडे मुलं आधी कमी झाली.

जर्मनी, जपान म्हातारे झाले ते आधी श्रीमंत होऊन. आपल्याकडे शेतमजूर, घरकाम करणारी, रिक्षावाला यांना पेन्शन नाही, पीएफ नाही. आधार म्हणजे मुलगा. आणि मुलगा एकच, तो चाकणला कंत्राटावर. श्रावणबाळ, संजय गांधी योजनेत महिन्याला दीड हजार मिळतात, आणि त्यात केंद्राचा वाटा साठ ते ऐंशी वयाला २०० रुपये, कित्येक वर्षं तोच. ७० च्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मानमध्ये पाच लाखांपर्यंतचे उपचार २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळाले ही खूप मोठी गोष्ट झाली, पण आमच्या गावातल्या आजीला कार्ड असून उपयोग काय, हॉस्पिटलपर्यंत तिला नेणारं माणूस वाडीत नाही. गेल्या वर्षी माझ्या चुलत आजीला रात्री त्रास झाला तेव्हा तिला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणायला चार खांदे मिळेनात, शेवटी चिरेखाणीवरचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीवरचे, कर्नाटकातले दोन मजूर धावले. आजी वाचली, ते दोघं देवासारखे आले असं ती अजून सांगते.

एसटीचंही बघा. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ च्या वरच्यांना मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. आमच्या दुपारच्या गाडीत बसलात तर निम्मी गाडी काठी-पिशवीवाली. ती गाडी बंद झाली तर बँक, दवाखाना, बाजार सगळंच तुटतं. गावात आता सगळ्यात महत्त्वाची सोय कोणती विचाराल तर मी दुपारची एसटी म्हणेन.

मग गावातली कामं करतं कोण?

बाहेरचे लोक, आणि त्यांच्याशिवाय एक दिवस चालणार नाही. रत्नागिरी-देवगडच्या आंबा बागांमध्ये राखणीला आणि कामाला नेपाळी कुटुंबं आहेत, मासेमारीच्या बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, चिरेखाणीवर कर्नाटकचे मजूर. म्हणजे आपल्याकडचा तरुण मुंबईला, मुंबईतला दुबईला, आणि आपल्या बागेत नेपाळच्या डोंगरातला तरुण, ज्याचं स्वतःचं गाव पण असंच रिकामं झालंय. तो बागेतल्या खोपीत राहतो, त्याची पोरं काही ठिकाणी आमच्या शाळेत येतात आणि पट टिकवतात. आमच्या शेजारच्या गावात एक नेपाळी मुलगी मालवणी मिसळून इतकं छान मराठी बोलते की ऐकत राहावं. गावकी, मंडळ यांनी या लोकांना परके न समजता आपलं मानलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण पुढचं गाव त्यांच्यातूनच बनणार आहे.

जमिनी पडीक का ठेवतात? विकत नाहीत, कसत नाहीत.

सातबारा काढून बघा, उत्तर मिळेल. पणजोबांच्या नावावरची जमीन, त्यांचे पाच मुलगे, त्यांच्या मुली-मुलगे, वारस लागत लागत एका सातबारावर चाळीस-पन्नास नावं. निम्मे मुंबईत, काही वारलेले, एखादा कुठे आहे कोणालाच माहीत नाही. सगळ्यांच्या सह्या मिळाल्याशिवाय वाटप होत नाही, कर्ज मिळत नाही. जो गावात आहे तो कसू शकतो पण त्याला वाटतं मी काजू लावला आणि उद्या चुलत्याने हक्क सांगितला तर?

मग पड वाढते, रान वाढतं, आणि रानासोबत माकडं आणि रानडुकरं. पूर्वी दहा घरांची शेतं लागून होती, दहा जण राखणीला असायचे, आता एकट्याच्या शेतावर सगळा कळप उतरतो. तोही वैतागून सोडून देतो. माणसं कमी झाल्याने शेती गेली आणि शेती गेल्याने अजून माणसं गेली असं ते चाक फिरत राहतं. सामाईक जमिनीचं वाटप सोपं आणि स्वस्त केलं तर कोकणाला कोणत्याही पॅकेजपेक्षा जास्त फायदा होईल.

लोकसंख्या लाभांश म्हणतात तो आपल्याला मिळतोय का?

कमावणारे जास्त आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली मुलं-म्हातारे कमी, असा काळ देशाच्या आयुष्यात एकदा येतो. भारतासाठी तो साधारण २००५ ते २०५५ धरतात आणि त्याचं टोक २०४१ च्या सुमारास. पण यात दोन गोष्टी घरात बसून विसरल्या जातात. एक, कमावण्याच्या वयाचा असणं आणि कमावणं यात फरक आहे, एमपीएससीच्या अभ्यासिकेत तिशीपर्यंत बसलेली मुलं-मुली पुण्यात किती आहेत ते सदाशिव पेठेत एक चक्कर मारली तरी कळेल. दोन, महाराष्ट्र देशाच्या पुढे धावतोय, आपला हा काळ बिहारच्या आधी संपणार. आपल्याकडे वेळ देशापेक्षा कमी आहे.

२०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल माणसं पाठवायचा, नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असे. तिकडे माणसं नाहीत, इकडे काम नाही. पोरांनी जरूर जावं, पण मला हे बघून गिरणगावच आठवतं, गावाची मनीऑर्डर आता फक्त युरोमध्ये येणार. आणि लाभांश जर्मनीला मिळणार, म्हातारपण आपल्याकडे राहणार.

परप्रांतीयांमुळे मराठी माणूस कमी होतोय का?

राज्यात मराठी मातृभाषा सांगणारे २००१ ला जवळपास ६९ टक्के होते, २०११ लाही जवळपास ६९ टक्केच. मुंबईत चित्र वेगळं आहे ते मान्य. पण १.७ हा प्रजनन दर कोणी बाहेरून आणलेला नाही आणि बाहेरून येणारे येतात कारण काम आहे आणि ते करायला माणूस नाही. भाषा टिकवायची तर आलेल्यांच्या पोरांना मराठी शाळेत घेणं हाच मार्ग मला दिसतो, आणि ती शाळा आधी उघडी पाहिजे.

याचा राजकारणाशी काय संबंध?

थेट संबंध. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत खेड आणि संगमेश्वर हे विधानसभा मतदारसंघ नकाशावरून गेले. माझ्या तालुक्याच्या नावाचा आमदार आता नसतो. आज रत्नागिरीत ५ आणि सिंधुदुर्गात ३ आमदार, तर ठाणे आणि पालघरमध्ये मिळून २४. रस्ता, धरण, दवाखाना मागायला आवाजच कमी.

हेच देशपातळीवर राज्यांचं होणार आहे. लोकसभेच्या राज्यनिहाय जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्यात, १९७६ च्या घटनादुरुस्तीने, आणि नंतर ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. हेतू असा की ज्यांनी कुटुंबनियोजन नीट केलं त्यांना त्याची शिक्षा होऊ नये. ते गोठवणं उठलं तर मुलं कमी झालेल्या राज्यांचा जागांतला वाटा घटेल, म्हणून तामिळनाडू, केरळ ओरडतायत ते उगाच नाही. महाराष्ट्र मधे आहे, मुलं कमी पण येणारे लोक जास्त, म्हणून आपलं नुकसान त्यांच्याइतकं होणार नाही. पण राज्याच्या आत विदर्भ, मराठवाडा, कोकणातून जागा सरकून पुणे-ठाण्याकडे जाणार हे नक्की समजा. पंधराव्या वित्त आयोगाने निधी वाटताना लोकसंख्येला १५ टक्के आणि लोकसंख्या आटोक्यात ठेवल्याबद्दल साडेबारा टक्के वजन दिलं होतं, तसा काहीतरी विचार राज्याच्या आत जिल्ह्यांसाठीही व्हायला पाहिजे.

मग आता जास्त मुलं जन्माला घालायची का?

आंध्रच्या मुख्यमंत्र्यांनी २०२४ मध्ये तसं आवाहन केलं आणि तिसरं मूल असेल तर स्थानिक निवडणूक लढवता येणार नाही ही अट त्या राज्याने काढूनही टाकली. महाराष्ट्रात तशीच अट सप्टेंबर २००१ पासून आली आणि तिचा त्रास सगळ्यात जास्त कोणाला झाला, तर सरपंच व्हायला निघालेल्या बाईला, जिने किती मुलं हे कधी स्वतः ठरवलंच नव्हतं. आधी तिला सांगितलं कमी कर, नसबंदीचा जवळपास सगळा भार तिच्यावर टाकला, आता तिलाच सांगणार जास्त कर? हे मला पटत नाही. दक्षिण कोरियाने भरपूर पैसा ओतला तरी २०२३ ला तिथला दर ०.७२ वर आला होता. पाळणाघर, नोकरीची खात्री, परवडणारं घर, नवऱ्याने घरकामात हात लावणं, हे असेल तर ज्यांना दुसरं हवंय ते होऊ देतील. ज्यांना नको त्यांना नको.

कोणी परत येतंय का गावाकडे?

येतायत थोडे. लॉकडाऊनमध्ये आलेले बहुतेक परत गेले, पण काही राहिले, होमस्टे, काजू प्रक्रिया, कोकमाचं आगळ, फणसाचे वेफर्स असं करणारे. आमच्या वाडीत एक जोडपं आहे, दोघं पस्तिशीचे, ती बचतगटाचा हिशोब बघते आणि तो गाडी चालवतो. ते राहिले ते नेटवर्क आलं म्हणून आणि त्यांची मुलगी ज्या सात पोरांच्या शाळेत जाते ती अजून उघडी आहे म्हणून. शिमग्याला पालखी नाचवायला माणसं कमी पडतात म्हणून काही गावांनी तिथीचा हट्ट सोडून एक फेरी शनिवार-रविवारी घेतली, मानकऱ्यांमध्ये यावरून वाद झाले पण पालखी घराघरात गेली, बंद घरांच्या दारातसुद्धा.

नवीन जनगणनेत चाकरमान्यांनी नाव कुठे लावायचं, गावाला की मुंबईत?

जिथे तुम्ही खरोखर राहता तिथे. २०२१ ची जनगणना राहून गेली, आता तिचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे, आणि या वेळेला जातीची नोंदही होणार आहे. रेशनकार्ड गावचं आहे, मतदान गावाला आहे म्हणून लोकं गावात नाव घालायला बघतात, मंडळाचे फोनही येतील की गावचा आकडा वाढवा, पण तसं करू नका. खोटा आकडा गेला तर शाळा, दवाखाना, एसटी कोणासाठी हवी आहे तेच कळणार नाही, सात पोरं आणि चाळीस म्हातारी माणसं असतील तर तसंच कागदावर येऊ दे. त्याऐवजी घरात जे एकटे वृद्ध आहेत त्यांच्याजवळ त्या दिवसांत कोणीतरी असेल एवढं बघा, कारण गेल्या वेळी आमच्या शेजारच्या आजी रानात लाकडं आणायला गेल्या होत्या, दार बंद दिसलं, आणि प्रगणक परत आलेच नाहीत असं त्या सांगतात.